लँकेशायरचा कापूस, गुलामांची जहाजं आणि आपलं वऱ्हाड

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात हे आपण शाळेपासून ऐकत आलोय, पण खऱ्या मँचेस्टरला कापूस यायचा कुठून आणि तो वेचायचं कोण, हे भूगोलाच्या तासाला कधी कुणी सांगितलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात एवढंच, की इंग्रज आपला कच्चा माल न्यायचे आणि पक्का माल आणून आपल्यालाच विकायचे. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. १८६० मध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत जो कापूस कातला जात होता त्यातला साधारण ८० टक्के अमेरिकेच्या दक्षिणेकडचा होता, आणि तो वेचणारी माणसं गुलाम होती. इंग्लंडने स्वतःची गुलामी कायद्याने बंद करून तोवर पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती बरं का.

हा गुंता उलगडायचा तर एकच काउंटी, म्हणजे तिकडचा जिल्हा, घेऊन बघणं बरं पडतं, नाहीतर गुलामीविरोधी खासदार विल्बरफोर्सचं भाषण, संसदेचा कायदा, टाळ्या, संपलं असं होतं. लँकेशायर म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा भाग. आजच्या नकाशात लिव्हरपूल आणि मँचेस्टर तिच्या बाहेर दिसतील, पण ती फाळणी १९७४ ची, त्याआधी शेकडो वर्षं दोन्ही शहरं लँकेशायरातच मोडायची. म्हणजे गुलामांच्या व्यापाराचं ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं बंदर याच काउंटीत, गुलामांनी वेचलेल्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक याच काउंटीत, आणि गुलामीविरुद्ध हजारो सह्यांचे अर्ज निघाले तेही याच काउंटीतून. चांगले लोक एका गावात आणि वाईट दुसऱ्या गावात अशी सोयीची वाटणी इथे करताच येत नाही, कितीदा तर एकाच घरात दोन्ही सापडतात.

आधी धंदा कसा चालायचा ते बघू. जहाज लँकेशायरमधून निघताना त्यात कापड, लोखंडी सामान, बंदुका, दारू असा माल. तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवायचा आणि त्याच्या बदल्यात माणसं घ्यायची. ती माणसं जहाजाच्या पोटात कोंबून अटलांटिक ओलांडायचा, बार्बाडोस, जमैका किंवा अमेरिकेतल्या कॅरोलिनात विकायची, आणि परत येताना साखर, रम, तंबाखू, महोगनीचं लाकूड, कापूस भरून आणायचं. तिन्ही टप्प्यांवर जहाज भरलेलं, तिन्ही टप्प्यांवर नफ्याची आशा. यातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते, ती म्हणजे आफ्रिकेत माणसं विकत घ्यायला जे कापड चालायचं त्यात हिंदुस्थानी कापडाचा वाटा मोठा होता. गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं सुती कापड तिथल्या गिऱ्हाइकांना पसंत होतं, आणि मँचेस्टरवाल्यांनी सुरुवातीला जे चौकडीचं आणि पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणलं ते या हिंदुस्थानी मालाची नक्कल म्हणूनच.

लिव्हरपूलचं नाव सगळे घेतात, पण लँकेस्टर हे छोटं गावही यात होतं, ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरवर, लंडन, ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या मागे. गाव ल्यून नदीवर. तिथले व्यापारी लहान जहाजं वापरायचे आणि गँबियासारख्या नद्यांच्या भागात जायचे. साधारण १७३६ ते १८०७ या काळात तिथल्या जहाजांनी तीसेक हजार माणसं नेली असा अंदाज आहे. १७५० नंतर नदीकाठी सेंट जॉर्जेस की नावाचा धक्का बांधला गेला, १७६४ मध्ये कस्टम हाऊस झालं, त्याचा नकाशा रिचर्ड गिलो याने काढला. हे गिलो घराणं फर्निचरवालं, आणि त्यांची महोगनीची टेबलं-कपाटं आजही लिलावात भाव खातात. ती महोगनी वेस्ट इंडीजमधली, तोडणारे गुलाम. गिलोंनी माणसं विकली असं नाही म्हणायचं मला, पण अख्खं गाव त्या साखळीत कुठे ना कुठे अडकलेलं होतं, सुतार, दोरखंडवाले, साखर गाळणारे, इन्शुरन्सवाले, सगळेच. ती कस्टम हाऊसची इमारत आज गावातलं म्युझियम आहे, आणि पकडून नेलेल्या आफ्रिकी माणसांचं स्मारक जवळच धक्क्यावर २००५ मध्ये उभं राहिलं, केविन डाल्टन-जॉन्सन या कलाकाराने केलेलं, ज्यावर लँकेस्टरच्या जहाजांची नावं, कप्तानांची नावं आणि नेलेल्या माणसांचे आकडे आहेत. नेलेल्या माणसांची नावं नाहीत कारण ती कुणी लिहून ठेवलेलीच नव्हती.

आणि यातले कित्येक व्यापारी क्वेकर होते हे वाचून पहिल्यांदा गोंधळायला होतं. क्वेकर म्हणजे तोच शांततावादी ख्रिस्ती पंथ ज्याचं नाव पुढे गुलामीविरोधी चळवळीत सगळ्यात वर येतं. लँकेस्टरचा डॉडशन फॉस्टर हा गुलामांचा व्यापारी क्वेकर, वेस्ट इंडीजशी व्यापार करणारं रॉलिन्सन घराणंही क्वेकर. १७६१ मध्ये लंडनच्या क्वेकर सभेने ठरवलं की गुलामांचा व्यापार करणाऱ्याला पंथाबाहेर काढायचं, आणि १७८७ मध्ये लंडनला जी व्यापारबंदीची समिती बसली तिच्या १२ जणांपैकी ९ क्वेकर. एका पिढीत हा बदल झाला. लोक यावरून एकतर क्वेकरांना ढोंगी म्हणतात नाहीतर संत, मला दोन्ही पटत नाही, पंथात आतल्या आत वर्षानुवर्षं भांडण झालं आणि त्यात एक बाजू जिंकली एवढंच ते आहे, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

ल्यून नदीच्या मुखाशी सुंदरलँड पॉइंट म्हणून एक वस्ती आहे, भरती आली की रस्ता पाण्याखाली जातो आणि वस्ती तुटते. तिथे एका काळ्या मुलाचं थडगं आहे. तो १७३६ च्या सुमारास एका कप्तानाबरोबर आला आणि तिथेच मेला, बाप्तिस्मा झालेला नव्हता म्हणून चर्चच्या जमिनीत जागा मिळाली नाही, तर समुद्राकाठच्या शेतात पुरला. दगडावर सॅम्बो असं नाव आहे, पण ते काही त्याचं खरं नाव नव्हे, गोरे लोक काळ्यांना सरसकट अशी नावं ठेवायचे. साठ वर्षांनी, १७९६ मध्ये, जेम्स वॉटसन नावाच्या निवृत्त हेडमास्तरांनी लोकांकडून वर्गणी काढून तिथे कवितेची पाटी बसवली. गोष्ट अशी सांगतात की मालक आपल्याला सोडून गेला असं वाटून पोराने अन्नपाणी टाकलं आणि तो झुरून मेला. आता मला विचाराल तर ही गोष्ट फारच सोयीची आहे. परक्या देशात, परक्या हवेत आलेलं पोर आजारानेच गेलं असण्याची शक्यता जास्त, पण मालकावरच्या प्रेमापायी मेला म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळेही पाणावतात आणि मालकाला कुणी काही विचारत नाही. तरी लोक आजही तिथे फुलं आणि रंगवलेले दगड ठेवून जातात.

अशीच एक नोंद लँकेस्टरच्या प्रायरी चर्चच्या वहीत आहे, १७७८ ची. फ्रान्सेस एलिझाबेथ जॉन्सन, वय २७, काळी बाई, जॉन सॅटरथ्वेट यांची नोकर, बाप्तिस्मा झाला. सॅटरथ्वेटची बायको सेंट किट्स बेटावरच्या मळेवाल्यांपैकी, तिच्याबरोबर ही आली असणार. या बाईचा म्हणून सांगितला जाणारा एक वाळवलेला हात त्या घरात पिढ्यानपिढ्या ठेवलेला होता, हो, हात, आणि तो शेवटी १९९० च्या दशकात प्रायरीच्या आवारात पुरला गेला.

आता लिव्हरपूल. इथे सगळंच मोठ्या मापात. १६९९ मध्ये लिव्हरपूल मर्चंट नावाचं जहाज आफ्रिकेकडे निघालं, त्याने सव्वादोनशेच्या आसपास माणसं बार्बाडोसला नेली, आणि तिथून पुढे शंभर वर्षांत हे बंदर ब्रिस्टललाही मागे टाकून गेलं. ब्रिटिश जहाजांनी एकूण तीसेक लाख माणसं आफ्रिकेतून उचलली, त्यातली जवळजवळ निम्मी लिव्हरपूलच्या जहाजांनी. शहराचे महापौर, नगरसेवक, बँकवाले, चर्चला देणग्या देणारे, यादी काढली तर तीच ती नावं. टाऊन हॉलच्या भिंतीवर हत्ती आणि आफ्रिकी चेहरे कोरलेले आहेत, कारण तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

झाँग जहाजाचं प्रकरण इथलंच. मालक मंडळींचा म्होरक्या विल्यम ग्रेगसन, लिव्हरपूलचा माजी महापौर. १७८१ च्या अखेरीस हे जहाज रस्ता चुकलं, पाणी कमी पडतंय असं कारण देऊन खलाशांनी १३० च्या आसपास जिवंत माणसं समुद्रात फेकली. मग मालकांनी इन्शुरन्स कंपनीकडे दावा केला, माणशी ३० पौंड. का, तर माल आजारी पडून मेला तर नुकसान मालकाचं, पण उरलेला माल वाचवण्यासाठी काही माल फेकावा लागला तर भरपाई इन्शुरन्सची, असा नियम होता. १७८३ मध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला, पुढे न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांनी पुन्हा सुनावणीचा हुकूम केला, पण एक लक्षात घ्या, हा पूर्ण वेळ खटला चालला तो इन्शुरन्सचा, खुनाचा खटला कुणावर झालाच नाही. लोकांना गुलामांच्या व्यापाराची खरी शिसारी आली त्यात या हिशेबाचा वाटा मोठा होता.

लिव्हरपूलमध्ये विरोध करणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणं. थॉमस क्लार्कसन हा चळवळीचा फिरता माणूस, जहाजांची मापं, बेड्या, खलाशांच्या साक्षी गोळा करत हिंडायचा, त्याला १७८७ मध्ये याच बंदरावर आठ-नऊ जणांनी घेरून पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला होता. पण शहरातही विरोधक निघाले. एडवर्ड रश्टन हा पोरवयात गुलामांच्या जहाजावर खलाशी, तळघरात माणसांमध्ये डोळ्यांची साथ आली आणि कप्तान-अधिकारी कुणी खाली जाईना तेव्हा हा त्यांना अन्नपाणी द्यायला उतरला, साथ त्याच्याही डोळ्यांना लागली आणि तो आंधळा झाला. नंतर त्याने कविता लिहिल्या, लिव्हरपूलची अंधशाळा उभी राहिली १७९१ मध्ये त्यात त्याचा हात होता, आणि गुलाम बाळगल्याबद्दल थेट जॉर्ज वॉशिंग्टनला खरमरीत पत्र लिहिलं. विल्यम रॉस्को दुसरा, तो लिव्हरपूलचा खासदार असताना १८०७ मध्ये व्यापारबंदीच्या बाजूने बोलला आणि मत दिलं, शहरात परत आला तर जमावाने हाणामारीने स्वागत केलं, खासदारकीही पुढे टिकली नाही.

मँचेस्टरची गंमत वेगळी. तिथे क्लार्कसनने ऑक्टोबर १७८७ मध्ये आज जे कॅथेड्रल आहे त्या चर्चमध्ये प्रवचन दिलं, चर्च खच्चून भरलं होतं, आणि त्याने लिहून ठेवलंय की व्यासपीठाभोवती चाळीस-पन्नास काळी माणसं उभी होती. नंतर शहरातून संसदेकडे जो अर्ज गेला त्यावर दहा हजारांवर सह्या होत्या, आणि शहराची वस्ती पन्नास हजारांच्या आत. मँचेस्टरला तेव्हा संसदेत स्वतःचा एकही खासदार नव्हता, मत बहुतेकांना नव्हतंच, म्हणून सही हेच त्यांचं मत. ही कल्पना इतर गावांनी उचलली आणि १७९२ पर्यंत देशभरातून पाचशेच्या वर अर्ज संसदेत पडले.

या मँचेस्टरच्या कामामागे दोन थॉमस होते. थॉमस वॉकर हा कापडाचा व्यापारी, त्याच्या घरावर १७९२ मध्ये जमाव चालून गेला, १७९४ मध्ये त्याच्यावर कटाचा खटला भरला तो लँकेस्टरलाच, आणि तो सुटला. दुसरा थॉमस कूपर, वकील, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जहाल लिहिणारा. हा कूपर पुढे अमेरिकेत गेला, साउथ कॅरोलिना कॉलेजचा प्रमुख झाला, स्वतः गुलाम विकत घेतले आणि गुलामीच्या समर्थनार्थ लिहू लागला. कूपरचं उदाहरण मी मुद्दाम देतोय, कारण चळवळीच्या गोष्टीत माणूस एकदा बरोबर बाजूला गेला की कायमचा तिथेच राहतो असं आपण गृहीत धरतो.

१८०७ च्या कायद्याने व्यापार बंद झाला, म्हणजे नवीन माणसं आणणं बंद, आहेत ते गुलाम गुलामच. गुलामी बंद करणारा कायदा १८३३ चा, अंमल १ ऑगस्ट १८३४ पासून, आठेक लाख माणसांना लागू, पण लगेच मोकळं नाही, आधी शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली त्याच मालकाकडे फुकट काम, ते १८३८ मध्ये संपलं. कंपनी सरकारचा हिंदुस्थान या कायद्यातून वगळलेला होता, आपल्याकडे गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने काढली. आणि नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले गेले. गुलामांना? छे. मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला, म्हणजे तोपर्यंत लंडन-लेस्टरला कर भरणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या पगारातूनही त्यात काही पेन्स गेले असणार. कुणाला किती मिळाले याच्या नोंदी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ऑनलाईन ठेवल्यात, गावाचं नाव टाकून शोधता येतं.

त्या यादीत लिव्हरपूलचा जॉन ग्लॅडस्टन ठळक दिसतो, २,५०८ माणसांपोटी १,०६,७६९ पौंड. त्याच्या पोराने, विल्यमने, १८३३ मध्ये संसदेतल्या सुरुवातीच्या भाषणात बापाच्या मळ्याचा बचाव केला, हाच पुढे चार वेळा पंतप्रधान झाला. जॉन ग्लॅडस्टनला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. गुलाम गेल्यावर मळ्यात राबायला माणसं हवीत, म्हणून त्याने कलकत्त्याच्या एका कंपनीमार्फत हिंदुस्थानी मजूर करारावर मागवले आणि १८३८ मध्ये व्हिटबी आणि हेस्परस या जहाजांतून ते आजच्या गयानात उतरले. मॉरिशसला हाच प्रकार आधीच सुरू झाला होता, आणि तिथे मुंबई बंदरातून कोकणातली माणसं गेली, मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे तो त्यांचाच. करारपत्र हा गुलामीहून वेगळा प्रकार होता हे कागदावर खरं, पण ऊस तोच आणि मळेवालेही बहुतेक तेच. २०२३ मध्ये ग्लॅडस्टन घराण्याच्या वंशजांनी गयानात जाऊन माफी मागितली.

इथपर्यंतचं थोडंफार ऐकलेलं असतं. लँकेशायरची खरी गोष्ट माझ्या मते यानंतर सुरू होते, कारण गुलामीशी असलेलं या काउंटीचं नातं १८०७ ला तुटलं नाही आणि १८३४ लाही नाही, ते जहाजातून उतरून गिरणीत गेलं. अमेरिकेत १७९० च्या दशकात सरकी काढायचं यंत्र आलं, त्याने कापूस स्वस्तात साफ होऊ लागला, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाची लागवड सुसाट वाढली. १७९० मध्ये अमेरिकेत सातेक लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. एवढा कापूस घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर लँकेशायर. लिव्हरपूलला गाठी उतरायच्या, रेल्वेने मँचेस्टरला, तिथून ओल्डहॅम, रॉचडेल, ब्लॅकबर्न, प्रेस्टन असं गावोगाव. म्हणजे गुलाम बाळगणं पाप म्हणून अर्जावर सही करणारी आजी आणि गुलामाने वेचलेल्या कापसाचं सूत कातणारी नात, दोघी एकाच गल्लीतल्या.

हे तोंडावर सांगितलं ते सारा पार्कर रेमंड या अमेरिकन काळ्या बाईने. १८५९ मध्ये ती इंग्लंडला आली, लिव्हरपूल, वॉरिंग्टन, मँचेस्टर अशी भाषणं देत फिरली. मँचेस्टरच्या भाषणात ती म्हणाली की तुमच्या रस्त्यांतून कापसाचे गाडे एकामागून एक जाताना मी बघते तेव्हा मला ते मळे आठवतात, आणि हेही आठवतं की त्या कोट्यवधी डॉलरमधला एक सेंटसुद्धा तो पिकवणाऱ्याच्या हातात पडलेला नाही. गुलामीतून निसटलेला अमेरिकन वक्ता फ्रेडरिक डग्लस तिच्या आधी येऊन गेला होता, पण बाई, तीही काळी, गिरणीकामगारांपुढे आणि मालकांच्या बायकांपुढे उभी राहून हिशेब मांडते, हे त्या काळात विरळाच.

मग एप्रिल १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं एकीकडे आणि उत्तर दुसरीकडे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि कापूस यायचा थांबला. लँकेशायरात याला कापसाचा दुष्काळ म्हणतात. खरं तर सुरुवातीला दुष्काळ नव्हताच, आधीची दोन वर्षं इतकं कापड विणून ठेवलं होतं की गोदामं तुंबली होती, काही गिरण्यांनी तर त्याच निमित्ताने पाळ्या कमी केल्या, आणि ज्यांच्याकडे जुन्या गाठी होत्या त्यांनी भाव चढल्यावर विकून हात धुऊन घेतले. कापसाचा भाव पौंडाला ७-८ पेन्सवरून १८६४ पर्यंत २५ पेन्सच्याही वर गेला. छोट्या गिरण्या बसल्या आणि कामगार रस्त्यावर आला. १८६२ च्या हिवाळ्यात पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीवर जगत होती. मदत म्हणजे काय, तर आधी घरातलं विकून या, मग पुरुषांनी दगड फोडायचे, बायकांनी शिवणवर्गात बसायचं, तेव्हा कुठे कूपन. मार्च १८६३ मध्ये काउंटीच्या हद्दीवरच्या स्टॅलीब्रिजला रोख पैशांऐवजी कूपन देणार म्हटल्यावर दंगल झाली, दुकानं फुटली, घोडदळ बोलवावं लागलं. नंतर सरकारने कर्ज देऊन रस्ते, गटारं, बागा अशी कामं काढली, आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखीच, रॉचडेलजवळच्या माळावरचा एक फरशीचा रस्ता आजही त्याच नावाने ओळखला जातो.

आणि अशा दिवसांत, ३१ डिसेंबर १८६२ ला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने अब्राहम लिंकनला पत्र पाठवायचं ठरवलं, की तुमच्या नाकेबंदीने आमची चूल विझली तरी गुलामी संपवायच्या कामात आम्ही तुमच्या बाजूने आहोत. दुसऱ्याच दिवशी गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू व्हायचा होता. लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला उत्तर दिलं, की अशी धीरोदात्तता कुठल्याच काळात, कुठल्याच देशात कुणी याहून मोठी दाखवलेली नाही. फेब्रुवारीत जॉर्ज ग्रिसवोल्ड हे जहाज अमेरिकेतून पीठ घेऊन लिव्हरपूलला लागलं. मँचेस्टरमध्ये आज लिंकनचा पुतळा आहे तो या पत्रव्यवहारामुळे. (आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, त्याच लढाईची ती दाद.)

पण अख्खं लँकेशायर लिंकनच्या मागे होतं असं समजू नका. काही गिरणीगावांत दक्षिणेला मान्यता द्या म्हणून सभा झाल्या, उपाशी माणसाला तेही करावंसं वाटणार. लिव्हरपूलचे व्यापारी तर उघड दक्षिणेकडचे, नदीपलीकडच्या बर्कनहेडला दक्षिणेसाठी अलाबामा ही युद्धनौका बांधली गेली, १८६४ मध्ये सेंट जॉर्जेस हॉलमध्ये दक्षिणेच्या कैद्यांसाठी मोठा बाजार भरवून पैसे उभे केले, आणि दक्षिणेचं शेवटचं जहाज शेनंडोआ हेदेखील शरण आलं ते नोव्हेंबर १८६५ मध्ये लिव्हरपूललाच. शिवाय ग्लॅडस्टनचा विल्यम, तेव्हा अर्थमंत्री, १८६२ मध्ये जाहीर भाषणात म्हणून बसला की दक्षिणेच्या नेत्यांनी राष्ट्र घडवलंय. हाच माणूस पुढे सांगू लागला की लँकेशायरच्या कामगारांनी जो संयम दाखवला तो बघता त्यांना मत न देणं लाजिरवाणं आहे. १८६७ मध्ये शहरी कामगारांना मत मिळालं.

अमेरिकन कापूस बंद झाला तर गिरण्या चालल्या कशावर? इथे आपण येतो. १८६२ मध्ये ब्रिटनमध्ये उतरलेल्या कापसातला तीन-चतुर्थांश हिंदुस्थानचा होता. मुंबईहून चढलेल्या कापसाला तिकडे सरसकट सुरत म्हणायचे, मग तो गुजरातचा असो की खानदेशचा. वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात उमरावती म्हणून वेगळा भाव लागायचा, हिंगणघाटच्या जातीला त्याहून मान. पण कामगारांना हा कापूस नकोसा होता, धागा आखूड, सारखा तुटायचा, गाठीत कचरा, वजन वाढवायला घातलेली माती आणि पाणी, आणि मजुरी मापावर असल्याने तेवढ्याच तासांत हातात कमी पैसे. लँकेशायरात एक किस्सा सांगतात, प्रार्थनेत कुणी म्हणालं देवा आम्हाला कापूस धाड, तर मागून आवाज आला, पण सुरत नको रे बाबा. वऱ्हाडातला शेतकरी वाईट पिकवायचा असं नाही, आपल्या चरख्याला तो धागा चालत होता, अमेरिकन लांब धाग्यासाठी बनवलेल्या यंत्राला चालत नव्हता, आणि माती मिसळणारे मधले दलाल होते.

मुंबईत मात्र सोन्याचा पाऊस पडला. कापसाचे पैसे शेअरबाजारात, शेअरचे पैसे बॅक बेमध्ये समुद्र बुजवायच्या कंपन्यांत, प्रेमचंद रायचंद या सगळ्याचा राजा. रोज नवी कंपनी, रोज नवी बँक. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करल्याची बातमी आली, कापूस आपटला आणि १ जुलै १८६५ ला, सौदे पुरे करायच्या दिवशी, मुंबई कोसळली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. प्रेमचंदच्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो बघायला आजही पर्यटक जातात.

गावाकडे टॉवर नव्हते. चढ्या भावाच्या काळात पुणे-नगर भागातल्या कुणब्याला सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिलं, कारण पिकाला आणि जमिनीला भाव होता. सरकारी साराही नव्या मोजणीत वाढला. भाव उतरले, कर्ज आणि सारा तेवढाच राहिला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांवर हल्ला केला, पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच, आणि बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता, ते हिसकायचे आणि जाळायचे. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याने कारणं शोधताना अमेरिकेतल्या लढाईपर्यंत माग काढला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्याने कोर्टाला पहिल्यांदा मुभा दिली की नुसता कागद बघून निकाल न देता मूळ कर्ज किती होतं, व्याज किती लावलं, हे आधीपासून तपासायचं.